लघवीचा वास काय सांगतो?

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक दुपटी धुवायला टाकता टाकता थबकते. एक ओला लंगोट नाकाशी नेते आणि स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारते, "आई, याच्या शूला कसला गं वास येतोय? गोड गोड, करपलेल्या साखरेसारखा?"

आई लंगोट हुंगते आणि हसते. "अगं, मेथीचा वास आहे हा. सकाळ-संध्याकाळ मेथीचे लाडू खातेस ना? तेच तुझ्या दुधातून त्याच्या पोटात जातंय."

आईचे म्हणणे बरोबर असते. बाळ सव्वा महिन्याचे आहे. भरपूर दूध पिते, पाय झाडत खेळते, वजनही छान वाढते आहे. लाडू संपतात आणि आठवडाभरात वासही जातो.

आता दुसरे घर. तिथेही लंगोटाला अगदी हाच वास येतो आहे. पण हे बाळ अवघे पाच दिवसांचे आहे. कालपासून ते नीट दूध घेत नाही. सारखे झोपेत असते, उठवले तरी डोळे उघडत नाही. अंग मधेच लुळे पडते, मधेच ताठ होते. रडणे बारीक आणि चिरके झाले आहे. या घरातही कुणी "मेथीचाच वास असेल" असे म्हणून गोष्ट सोडून दिली, तर बाळाच्या जिवावर बेतू शकते.

वास एकच, पण एका घरी तो लाडवांचा आहे आणि दुसऱ्या घरी एका गंभीर आजाराचा. म्हणूनच लघवीच्या वासाकडे दुर्लक्ष करू नये, तसेच नुसत्या वासाने घाबरूनही जाऊ नये. वासाबरोबर आणखी काय काय दिसते आहे, हे पाहायला शिकावे.

मुळात वास येतो कशाचा?

लघवीत सुमारे ९५ टक्के पाणीच असते. उरलेल्या भागात युरिया, क्षार, युरिक अॅसिड आणि शरीराला नको असलेली इतर द्रव्ये असतात. निरोगी माणसाच्या ताज्या लघवीला अगदी सौम्य वास असतो. सार्वजनिक मुताऱ्यांत किंवा मुलांनी ओल्या केलेल्या गादीला जो डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो, तो अमोनियाचा. बाहेर पडलेल्या लघवीतल्या युरियाचे जंतू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. म्हणून साचलेल्या, वाळलेल्या लघवीच्या वासावरून आजाराचा अंदाज बांधू नये. वास पाहायचा तो ताज्या लघवीचा.

उग्र वासाचे सर्वांत साधे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. पाणी कमी पडले की मूत्रपिंडे ते राखून ठेवतात. लघवी थोडी, गडद पिवळी आणि तीव्र वासाची होते. सकाळची पहिली लघवी याच कारणाने जास्त वासाची असते. उन्हाळ्यात, तापात, जुलाबात किंवा निर्जळी उपासाच्या दिवशीही हेच घडते.

आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत यामागे आणखी एक कारण असते. एसटीचा लांबचा प्रवास, बाजारातले दुकान, शेतातले काम, मुलींची शाळा. यातल्या कितीतरी ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह नसते. म्हणून घरून निघतानाच पाणी प्यायचे नाही आणि लघवी लागली तरी तासन् तास दाबून ठेवायची, ही सवयच होऊन जाते. लघवीचा उग्र वास हा या सवयीचा सर्वांत किरकोळ परिणाम आहे. अशाने मूत्रमार्गात जंतूंना वाढायला वेळ मिळतो आणि मुतखड्याचा धोकाही वाढतो. मुलगी शाळेतून घरी आल्या आल्या बाथरूमकडे धावत असेल, तर आईने एकदा तिच्याशी बोलावे आणि एकदा शाळेतल्या बाईंशीही.

घरच्या घरी करता येण्याजोगी पहिली परीक्षा सोपी आहे. एक-दोन दिवस पाणी, ताक, सरबत असे पातळ पदार्थ पुरेसे घ्यावेत. लघवी फिकट पिवळी झाली आणि वास गेला, तर काळजी मिटली. मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हा प्रयोग परस्पर करू नये.

ताटातले पदार्थ, डबीतल्या गोळ्या

आपण खातो त्यातली काही सुगंधी किंवा गंधकयुक्त द्रव्ये लघवीवाटे बाहेर पडतात. लसूण, कांदा आणि कॉफी यांचा वास अनेकांना जाणवतो. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू केल्या की लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि तिला औषधी वास येऊ लागतो. त्यात घाबरण्याजोगे काही नसते. जास्तीचे जीवनसत्त्व शरीर बाहेर टाकत असते, एवढेच.

परदेशात आवडीने खाल्ली जाणारी आणि आता आपल्याकडेही मोठ्या शहरांत मिळणारी अॅस्परॅगस ही भाजी याबाबत प्रसिद्ध आहे. ती खाल्ल्यावर थोड्याच वेळात लघवीला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. गंमत म्हणजे काही लोकांना तो वास ओळखताच येत नाही, आणि हा फरक आनुवंशिक आहे.

मेथीची तर कमाल आहे. तिच्यात 'सोटोलोन' नावाचे द्रव्य असते. त्याचा कणभर अंशही नाकाला कळतो. २००५ पासून काही वर्षे अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून पाकासारखा गोड वास पसरत असे. लोक घाबरून फोन करत. शेवटी २००९ मध्ये छडा लागला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती आणि त्याचाच वास वाऱ्याबरोबर शहरात येत होता! बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ल्यावर तिच्या घामाला, दुधाला आणि बाळाच्या लघवीला हा वास आला तर त्यात नवल ते काय?

खाण्यामुळे किंवा गोळ्यांमुळे येणारा वास ते बंद केल्यावर साधारणपणे एक-दोन दिवसांत ओसरतो. पदार्थ बंद करूनही वास राहिला, तर पुढचा विचार करावा. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र वासाच्या कारणाने परस्पर बंद करू नयेत.

वासाबरोबर जळजळ असेल तर

लघवीला कुजकट किंवा अमोनियासारखा तीव्र वास, त्याबरोबर जळजळ, सारखे जावेसे वाटणे पण थोडीशीच होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणे ही मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. स्त्रियांमध्ये मूत्रनलिका अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास असते आणि गुदद्वार तिच्याजवळच असते. त्यामुळे 'ई. कोलाय' नावाचे आतड्यातले जंतू सहज मूत्राशयात पोचतात. थंडी वाजून ताप येणे, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे, उलट्या होणे अशी लक्षणे दिसली, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

गर्भवती स्त्रीने तर अधिक सावध राहावे. गरोदरपणात काही वेळा जळजळ नसतानाही लघवीत जंतू वाढतात. उपचार झाले नाहीत, तर मूत्रपिंडाला सूज येण्याचा आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका असतो. म्हणूनच गरोदरपणातील तपासण्यांत लघवीची तपासणी असते. "मला काही त्रास नाही" असे म्हणून ती टाळू नये.

लहान बाळाला सांगता येत नाही. सर्दी-खोकला नाही, जुलाब नाहीत आणि तरीही दोन वर्षांच्या आतील मुलाला ताप येतो आहे, अशा वेळी डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. तपासणी किचकट वाटली तरी ती करून घ्यावी. वेळीच न ओळखलेल्या संसर्गाने कोवळ्या मूत्रपिंडांना कायमचे व्रण पडू शकतात.

घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत मात्र उलटी चूक होते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा नळी लावलेल्या वृद्धांच्या लघवीला वास आला की लगेच प्रतिजैविके आणून दिली जातात. जळजळ नाही, ताप नाही, नुसता वास आहे, तर तेवढ्यावरून औषध सुरू करणे योग्य नाही. आधी पाणी पुरेसे पोटात जाते आहे ना, ते पाहावे. नको तेव्हा घेतलेल्या औषधांमुळे जंतू त्यांना दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

आणखी एक गोष्ट स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत. कधी कधी माशांसारखा वास लघवीचा नसून योनीमार्गातल्या संसर्गाचा असतो. पांढरे जाणे, खाज सुटणे, कपड्यांना वास येणे अशी लक्षणे असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. हा त्रास सर्रास आढळणारा आणि सहज बरा होणारा आहे.

क्वचित लघवीला शौचासारखा वास येतो आणि लघवीबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडतात. आतडे आणि मूत्राशय यांच्यामध्ये भोक पडल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये.

गोड लघवी आणि मुंग्या

लघवीवरून रोग ओळखण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यातल्या एकाला नावच दिले मधुमेह. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे चरकसंहितेत नोंदवलेले आहे. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या डॉक्टरने मधुमेहींच्या लघवीची गोडी नोंदवली ती १६७४ च्या सुमाराला. आजही खेड्यात कुणी म्हणते, "यांनी लघवी केली की तिथं मुंग्या लागतात." हे ऐकून हसू नये, रक्तातली साखर तपासून घ्यावी. मात्र मुंग्या लागल्या नाहीत म्हणजे मधुमेह नाही, असे मुळीच नव्हे. हल्ली मधुमेहावर मिळणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. त्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर सापडणारच.

खरा धोक्याचा वास वेगळा आहे. तो पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नखांचे पॉलिश काढण्याच्या द्रवासारखा असतो. शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळू लागते. त्यातून 'कीटोन' नावाची द्रव्ये रक्तात साठतात आणि लघवीतून, श्वासातून बाहेर पडतात. कडक उपासातही थोडी कीटोन द्रव्ये तयार होतात आणि जेवल्यावर नाहीशी होतात. पण इन्सुलिनच्या अभावाने ती साठत गेली, तर रक्त आम्लधर्मी होते. खूप तहान, वारंवार लघवी, मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोराचा श्वास, गुंगी ही त्याची लक्षणे. अनेक मुलांमध्ये मधुमेह पहिल्यांदा कळतो तो याच अवस्थेत. शहाणे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, वाळत चालले आणि त्याच्या तोंडाला असा गोडसर वास येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.

एका आईचे नाक

वासाची दखल घेतल्याने वैद्यकशास्त्राचा इतिहास बदलला, अशी एक गोष्ट नॉर्वेत घडली. बोर्गनी एगेलांड या आईला दोन मुले होती, थोरली लीव आणि धाकटा डाग. दोघे जन्मले तेव्हा इतर बाळांसारखेच होते. पण दिवस गेले तसे ते मागे पडत गेले. सहा वर्षे उलटली तरी लीवला मोजकेच शब्द येत होते. चार वर्षांच्या डागला चालताही येत नव्हते आणि बोलताही. आई या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहिली. आणखी एक गोष्ट ती प्रत्येकाला सांगे. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक कुबट वास येतो, आणि तो कितीही धुतले तरी जात नाही. बहुतेकांनी तिकडे लक्ष दिले नाही.

१९३४ मध्ये ती ऑस्लोतील डॉ. आस्बियॉर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोचली. फोलिंग डॉक्टर होते तसेच रसायनशास्त्रही शिकलेले होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. या परीक्षेत कीटोन असतील तर लालसर तपकिरी रंग येतो. इथे लघवी गडद हिरवी झाली. असे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी आईला आणखी लघवी आणायला सांगितली. आई नेमाने बाटल्या भरून आणत राहिली आणि फोलिंग वीस लिटरहून अधिक लघवीतून ते हिरवा रंग देणारे द्रव्य वेगळे करत राहिले. ते होते फिनाइलपायरुव्हिक अॅसिड. पुढे त्यांनी मतिमंद मुलांच्या संस्थांतील ४३० जणांची लघवी तपासली आणि आणखी आठ जणांमध्ये तेच सापडले. मतिमंदत्वाचे एक नेमके रासायनिक कारण प्रथमच हाती आले होते. या आजाराला आज फिनाइलकीटोन्युरिया म्हणतात.

दूध, डाळी, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत फिनाइलअॅलनिन नावाचा घटक असतो. तो पचवणारे विकर या मुलांच्या यकृतात नीट काम करत नाही. न पचलेला घटक रक्तात साठतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. त्यातूनच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचा तो कुबट, उंदराच्या बिळासारखा वास असतो. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका पर्ल बक यांच्या मुलीलाही हाच आजार होता. आपल्या मुलीबद्दल त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांना या आजाराचे नावही ठाऊक नव्हते.

लीव आणि डाग यांना या शोधाचा उपयोग झाला नाही. उपचार सापडायला आणखी सतरा-अठरा वर्षे जावी लागली, आणि तिथेही एक आई होतीच. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात डॉ. होर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे निदान केले. निदान सांगून ते थांबले, कारण उपाय नव्हता. शीलाच्या आईला हे पटेना. ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून विचारी, "माझ्या मुलीसाठी काही सापडले का?" अखेर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअॅलनिन जवळजवळ काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत शीला रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे डोळे चमकदार झाले आणि अंगाचा कुबट वासही गेला. हे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. शीलाच्या मेंदूची आधीच झालेली हानी भरून निघाली नाही. पण जन्मताच आहार सुरू केला तर मूल निरोगी वाढू शकते, ही वाट तिथून खुली झाली.

मग प्रश्न उरला, जन्मताच ओळखायचे कसे? स्वतःचा मुलगा मतिमंद असलेल्या अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे उत्तर दिले. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा आणि तो तपासायचा. वास येण्याची वाट पाहायला नको. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

त्या पाच दिवसांच्या बाळाचे काय?

सुरुवातीला आलेल्या दुसऱ्या घरातल्या बाळाचा आजार याच कुळातला, पण अधिक घाईचा. अमेरिकेतील बोस्टनच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये तो नोंदवला. एकाच कुटुंबातील चार अर्भके जन्मानंतर थोड्याच काळात दगावली होती आणि त्यांच्या लघवीला मेपल झाडाच्या रसापासून केलेल्या पाकाचा वास येत होता. म्हणून आजाराचे नाव पडले 'मेपल सिरप युरिन डिसीज'. आपल्या नाकाला हा वास काकवीसारखा, करपलेल्या साखरेसारखा किंवा मेथीसारखा वाटेल. यात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन हे प्रथिनांतले तीन घटक पचत नाहीत आणि मेंदूवर विषासारखे परिणाम करतात. विशेष म्हणजे या बाळांच्या लघवीतही तेच सोटोलोन सापडते, जे मेथीत असते. म्हणजे आजीच्या नाकाची चूक नसते, दोन्हीकडे द्रव्यच एक असते. बाळंतपणात मेथी खाल्लेल्या आयांच्या बाळांना हा आजार असल्याची शंका आली आणि तपासणीत बाळ ठणठणीत निघाले, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

म्हणून फरक बाळाकडे पाहून करायचा. बाळ दूध पिते आहे, जागे होते आहे, रडते आणि खेळते आहे, तर आईने मेथी दोन-चार दिवस बंद करून पाहावी आणि बाळाला दाखवायला नेताना डॉक्टरांच्या कानावर घालावे. बाळ दूध सोडत असेल, सुस्त पडत असेल, तर तास मोजायचे. अशा वेळी रक्ताची तपासणी, खास दूध, गरज पडल्यास डायलिसिस असे उपचार तातडीने करावे लागतात. आयसोव्हॅलेरिक अॅसिडेमिया नावाच्या आणखी एका आजारात बाळाला घामट पायमोज्यांसारखा वास येतो. तिथेही हाच नियम.

हे आजार फार क्वचित आढळतात. आई आणि वडील दोघेही निरोगी असतात, पण दोघांकडे एकेक सदोष जनुक असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात, म्हणजे मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांत लग्ने होतात तिथे हा धोका वाढतो. घरात पूर्वी एखादे बाळ जन्मानंतर काही दिवसांत कारण न कळता गेले असेल, तर पुढच्या गरोदरपणात ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी. "बाळाला दृष्ट लागली" म्हणून ती गाडून टाकू नये.

नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताची तपासणी भारतात अजून सर्वत्र सक्तीची नाही. गोव्यात सरकारने २००८ मध्ये तिची योजना सुरू केली होती. मोठ्या शहरांतील अनेक रुग्णालयांत ती पैसे देऊन करून मिळते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात वरील दोन्ही मुख्य आजारांचा समावेश आहे आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय व दिल्लीचे एम्स यांचा समावेश आहे.

मत्स्यगंधा

महाभारतातील सत्यवती ही कोळीराजाच्या घरी वाढलेली मुलगी. तिच्या अंगाला माशांचा वास येई, म्हणून ती मत्स्यगंधा. पराशर ऋषींच्या वराने ती योजनगंधा झाली. असा वास प्रत्यक्षातही असतो. ट्रायमिथाइलअॅमिन्युरिया या आजारात अंडी, मासे, काही शेंगा यांच्या पचनातून तयार होणारे एक द्रव्य यकृताला बदलता येत नाही. ते लघवीतून, घामातून आणि श्वासातून बाहेर पडते व माशांसारखा वास येतो. १९७० मध्ये वैद्यकशास्त्राने याची सविस्तर नोंद घेतली.

या आजाराने जिवाला धोका नसतो, पण मनाला फार त्रास होतो. वर्गातली मुले शेजारी बसत नाहीत, घरातले लोक "नीट अंघोळ कर" म्हणून बोलतात. मुलगी दिवसातून तीनदा अंघोळ करते आणि तरी वास जात नाही. पराशरांचा वर आता मिळणार नाही, पण लघवीची विशेष तपासणी, आहारात बदल आणि किंचित आम्लधर्मी साबण यांनी त्रास बराच आटोक्यात येतो. त्याहून मोठे औषध म्हणजे तिचा दोष नाही, हे घरच्यांनी समजून घेणे.

तपासणीला देताना

लघवीचा नमुना नीट दिला नाही तर अहवाल चुकतो. मुरंब्याची किंवा औषधाची जुनी बाटली वापरू नये. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणावी. जागा स्वच्छ पाण्याने धुवावी, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली धार बाटलीत घ्यावी. तासाभरात बाटली पोचवावी. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. जंतूंसाठी 'कल्चर' तपासणी सांगितली असेल, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच नमुना द्यावा.

थांबावे कधी, धावावे कधी?

• वास आहे, पण दुसरा काही त्रास नाही: पाणी वाढवावे, खाणे आणि गोळ्या आठवून पाहाव्यात, दोन-तीन दिवस थांबावे.

• वास जात नाही, किंवा जळजळ, गढूळपणा, पांढरे जाणे आहे: एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटावे. गरोदर असल्यास त्याच दिवशी.

• ताप आणि हुडहुडी, पाठदुखी, लघवीत रक्त: त्याच दिवशी डॉक्टर.

• फळासारखा गोड वास, त्याबरोबर उलट्या, गुंगी, जोराचा श्वास: ताबडतोब रुग्णालय.

• नवजात बाळाला वेगळा वास आणि दूध न घेणे, सुस्ती, झटके: ताबडतोब रुग्णालय, रात्र असली तरी.

डॉक्टरांकडे गेल्यावर वासाबद्दल सांगायला लाजू नये. "कसला वास?" असे विचारले तर आपल्या शब्दांत सांगावे. काकवीसारखा, कुबट, माशांसारखा, पिकल्या फळासारखा. ऐकणाऱ्याने हसून सोडून दिले तर पुन्हा सांगावे. बोर्गनी एगेलांड हिला वैद्यकशास्त्रातले काहीही कळत नव्हते. आपल्या मुलांच्या लघवीला नेहमीचा वास येत नाही, एवढेच तिला ठाऊक होते, आणि ते सांगायचे तिने सोडले नाही.